डावीकडचा अंधार

आकडा अडकला असं मला वाटलं. स्कूटरच्या मागच्या कॅरियरवर आईने शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं होतं, त्यावरून रबरी दोरी ताणून मी तिचा लोखंडी आकडा खालच्या दांडीत घातला आणि हात काढला. दांडी आणि आकडा यांच्यात बोटभर अंतर होतं. मला ते दिसलं नाही. अशी अंतरं मला कधीच दिसत नाहीत. पेल्यात पाणी ओतताना मी तांब्या पेल्याच्या कडेला टेकवते, कुलपात किल्ली घालताना आधी बोटाने भोक चाचपते, जिन्याची शेवटची पायरी पायाने शोधते. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की त्याला मी न दिसणं म्हणत नाही, स्वभाव म्हणते. सावध मुलगी आहे, असं लोकही म्हणतात. त्या सकाळी घाई होती, चाचपायचं राहिलं. दोरी सुटली आणि आकडा उजव्या डोळ्यावर बसला. आधी एक पिवळा आवाज झाल्यासारखं वाटलं. दुखलं ते नंतर. मग त्या बाजूला खालून वर लाल धुकं चढत गेलं, बाटलीत शाई भरत जावी तसं. मी भिंतीला हात लावत तिसऱ्या मजल्यावर परत आले, आणि आईने दार उघडल्यावर म्हटलं, "गाठोडं पडलं नाही." हे मला आठवत नाही. आईला आठवतं.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी यंत्राच्या टेकूवर माझी हनुवटी ठेवली आणि आत बघितलं. मग बाबांना जवळ बोलावून दाखवलं. बुबुळाच्या पुढे एक पाण्याची जागा असते, तिथे रक्त उतरलंय, पेल्यात गाळ बसावा तसं तळाशी बसलंय, ते आपोआप शोषलं जाईल. फक्त पुन्हा रक्त सुटता कामा नये. पहिले पाच दिवस धोक्याचे. "आणि सुटलं तर?" बाबांनी विचारलं. "तर आत दाब वाढतो, नस दबते. मग मी काही सांगू शकणार नाही." त्यांनी उजवा डोळा झाकला, वर धातूची वाटी बसवली आणि मला समोरचा तक्ता वाचायला सांगितला. वरचं एकटं मोठं अक्षर मी वाचलं. खालच्या ओळीवर आले आणि अक्षरं एकमेकांना ढकलायला लागली. एकाची काठी दुसऱ्याच्या पोटात, तिसरं आहे आणि नाही. "गर्दी होतेय," मी म्हटलं. बाईंनी हातानेच आजूबाजूची अक्षरं झाकून एकच उघडं ठेवलं. ते मला लगेच वाचता आलं. "आळशी डोळा," त्या म्हणाल्या. "लहानपणी पट्टी बांधली होती का?"

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. "रोज चार तास. मी स्वतः बांधायचो. एक दिवस चुकवला नाही."

"उशिरा सुरू केलीत?"

"शाळेच्या तपासणीत कळलं त्याच आठवड्यात. सात वर्षांचीसुद्धा नव्हती."

"मग एवढं कमी कसं राहिलं?" बाई म्हणाल्या. त्या आम्हाला विचारत नव्हत्या, स्वतःशीच बोलत होत्या, आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी त्यांना हाक मारली. परत आल्यावर त्यांनी फक्त सूचना दिल्या. डोकं उंच ठेवून पडायचं, रात्रीसुद्धा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, वाचायचं नाही, जोराने शिंकायचं नाही, रडायचं नाही. "रडतानाही दाब वाढतो," त्या म्हणाल्या, आणि बाबांकडे वळून, "जपा. हिच्याकडे हा एकच डोळा आहे असं समजून चाला."

मग ती खोली. पाठीशी उशांची उतरंड, समोर कपाट, डावीकडे खिडकी, खिडकीशी आईचं शिलाई मशीन. आयुष्यभर पाहिलेली खोली; पण ती मी उजव्या डोळ्याने पाहिली होती, आणि आता डावा डोळा मला ती दाखवत होता. अंधुक म्हणावी तर तशी नव्हती. अंधुक म्हणजे काय ते चष्मा काढल्यावर मला माहीत आहे. चष्म्याची काच डाव्या बाजूला भिंगासारखी जाड आहे, ती लावलेली होती, भिंतीची कड कड होती, पडद्याचा रंग रंग होता. फक्त कुठलीच गोष्ट आपापल्या जागी थांबत नव्हती. घड्याळावर नजर लावली की आकडे काट्यांमध्ये घुसायचे. आई समोर आली की तिच्या कपाळाकडे बघावं तर डोळे खाली सरकायचे, डोळ्यांकडे बघावं तर नाक कुठल्या तरी सावलीत मिसळायचं. सगळं होतं, नुसतं तोंडओळखीपुरतं. एखाद्या समारंभात खूप माणसं एकदम बोलत असतात, प्रत्येक शब्द कानावर पडतो आणि एकही वाक्य हाती लागत नाही, तसं. आणि त्यातून उठून जाता येत नव्हतं. वाईट खोलीत कोंडलं तर माणूस डोळे मिटतो. मी डोळा मिटला की फक्त रक्ताचा विचार उरायचा, तळाशी बसलेल्या.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हाला मांजरीच्या पिल्लांचा प्रयोग शिकवला होता. जन्मल्यावर थोड्या दिवसांनी पिल्लाच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकायच्या, काही आठवड्यांनी टाके काढायचे. डोळा ठणठणीत असतो. भिंग स्वच्छ, पडदा जिवंत, नस शाबूत. पिल्लू मात्र त्या डोळ्याने आंधळं. कारण डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या ज्या सालीत चित्रं पोचतात, तिथे दोन्ही डोळ्यांच्या पट्ट्या एकाआड एक असतात, वाफ्यातल्या सऱ्यांसारख्या, आणि बंद डोळ्याकडून काही येत नाही म्हटल्यावर उघड्या डोळ्याचे धागे शेजारच्या पट्टीत पसरतात. टाके काढेपर्यंत जागा गेलेली असते. माझ्या पापण्या कुणी शिवल्या नव्हत्या. माझा डावा डोळा नुसता जास्त नंबरचा जन्मला, पुसट चित्रं पाठवत राहिला, आणि मेंदूने दोन चित्रांतलं स्पष्ट ते ठेवलं. मी हा धडा वाचून बाबांना उत्साहाने सांगितला होता. बाबा भूमापक होते, निवृत्त होईपर्यंत लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजत फिरले. ते म्हणाले, "म्हणजे वहिवाटच की. कागद काही म्हणू दे, कसतो कोण ते बघायचं." मला ते इतकं आवडलं की मी परीक्षेतही जवळजवळ तेच लिहिलं. पण एक गोष्ट तेव्हाही मला खटकली होती आणि कुणाला विचारायची राहिली. वेळेत सापडलं तर जागा परत मिळते. चांगला डोळा काही काळ झाकून ठेवायचा, म्हणजे हरलेल्याला बोलायला जागा होते. माझं वेळेत सापडलं होतं. मला का मिळाली नाही?

प्रयोगशाळेतून फोन आला. माझ्या शेजारी बसणारा, ज्याला आम्ही सगळे पंडित म्हणतो, त्याने आधी चौकशी केली आणि मग त्याला राहवलं नाही. "तू तर सूक्ष्मदर्शकात एकाच डोळ्याने बघतेस. दुसरा तसाही शोभेचाच. मग आता त्याला लाव की कामाला." मी हसले, हसणंही बेताने. त्याला माहीत नव्हतं की तो बोलतोय ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. आम्ही काचपट्टीवरच्या पेशी वाचतो. हजारो सारख्या पेशींमध्ये एखादी वेगळी, केंद्रक मोठं, कड वाकडी. ती ओळीत, गर्दीत शोधायची असते. गर्दीतून एक वेगळं काढणं हेच माझं काम आहे आणि डाव्या डोळ्याला जगात नेमकं तेवढंच जमत नाही. "मोठ्या मॅडम म्हणाल्या घाई करू नकोस," पंडित म्हणाला. "पण महिन्याभरात काय ते कळव, कारण तुझं टेबल रिकामं ठेवणं..." पुढचं त्याने खोकून टाकलं. फोन ठेवल्यावर मी उशीवर डोकं टेकवून डोळ्याच्या तळाशी बसलेल्या त्या लाल गाळाला मनात म्हटलं, हलू नकोस.

बाबा घड्याळ लावून औषध घालायचे. उजवी वाटी काढायची, पापणी वर धरायची, थेंब सोडायचा. त्यांचे हात आयुष्यभर तिपाईवर दुर्बीण समतल करत आले, त्यामुळे थेंब कधी गालावर पडला नाही. त्या क्षणभरात उजव्या बाजूला विटकरी उजेड यायचा, मग पुन्हा बंद. मला त्या अंधाराची सवयच होत नव्हती. पहिले दोन दिवस मला वाटलं, आजारपण आहे, चालायचंच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्रास अंधाराचा नाही, त्याच्या बाजूचा आहे. कुणी उजवीकडून आलं की मी दचकत होते. पाण्याचा पेला उजव्या हाताशी ठेवलेला मला सापडत नव्हता. अंधार चुकीच्या बाजूला होता. मग बरोबर बाजू कुठली? शरीराला अंधाराची एक जागा ठाऊक होती, आणि ती डावीकडे होती. मी तो विचार तिथेच सोडला. झोप अपुरी झाली की असलं काहीही सुचतं.

दुपारी खालच्या काकू बघायला आल्या. त्या कुणाच्याही आजारपणाला आधी दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या आजारपणाशेजारी उभं करतात. "माझ्या नणंदेच्या दिराला तर अख्खा डोळा काढावा लागला," असं म्हणून त्या स्थिरावल्या आणि मग बाबांकडे वळल्या. "हिला लहानपणीही डोळ्याचंच होतं ना काहीतरी?"

बाबा खुलले. "पट्टी होती. डॉक्टर म्हणायचे, मुलं फाडून फेकतात, रडून घर डोक्यावर घेतात. आमची नाही. सकाळी मी समोर बसायचो, पट्टी लावायचो, विचारायचो, दिसतंय का? म्हणायची, दिसतंय. शाब्बास. मग तीच पट्टी लावून गणितं, चित्रं रंगवणं, दोरीवरच्या उड्या. एकदा कुरकुर नाही."

"गुणाची हो," काकू म्हणाल्या. "नाहीतर माझा धाकटा, साध्या तापाला..."

पुढचं मी ऐकलं नाही. बाबांचं वाक्य खोलीत राहिलं होतं. पट्टी लावून दोरीवरच्या उड्या. मी कपाटाकडे बघितलं, त्याची मूठ दाराच्या फटीत मिसळत होती. या डोळ्याने मला दोरीवरच्या उड्या मारता आल्या नसत्या. या डोळ्याने सात वर्षांच्या मुलीला वहीतली गणितं सोडवता आली नसती, पहिल्याच बेरजेला आकड्यांची मारामारी झाली असती. मला त्रास झाला नाही. त्रास व्हायला हवा होता. शाळेत मुलं मला चौकोन म्हणायची, कारण उन्हाळ्यात पट्टीच्या जागी गालावर उजळ चौकोन उमटायचा. मी तो आरशात बघायचे आणि आरशातली बाजू उलटी असते हे मला नुकतंच कळलेलं असल्यामुळे हात लावून खात्री करायचे. मी हात वर केला. भुवई चाचपली. पट्टी ओढून काढताना रोज थोडे केस जायचे आणि एका ठिकाणी ते नंतर कधी नीट उगवलेच नाहीत. पेन्सिलीने ती जागा भरायची मला सवय आहे, इतकी की तिला बाजू आहे हे मी विसरले होते. बोट त्या विरळ जागेवर थांबलं. डावी भुवई.

काकू गेल्या. बाबा त्यांना सोडायला खाली गेले, म्हणजे खाली उभं राहून तासभर बोलणार. आई मशीनवर होती. मला तिची पाठ दिसत होती, आणि पाठ ही एकच गोष्ट असल्यामुळे नीट दिसत होती.

"आई, पट्टी कुठल्या डोळ्याला होती गं?"

मशीन थांबलं. "आता काय त्याचं."

"डाव्या ना?"

"डाव्या."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

आईने कापड सुईखालून सोडवलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "चांगल्या डोळ्यावर बांधा म्हणाले होते. चांगला झाकला की दुसरा झक मारत कामाला लागतो, असंच म्हणाले. मी तिथेच होते ना, तू माझ्या मांडीवर बसलेली."

"मग?"

"मग काय. घरी आल्यावर हे म्हणाले, जखम एका बोटाला आणि पट्टी दुसऱ्या बोटाला, असं कुठे असतं का? आळशी म्हणजे थकलेला, त्याला विश्रांती द्यायची. मी म्हटलं, अहो, ते उलटं सांगत होते. म्हणाले, तू ऐकलंस की मी ऐकलं? मी म्हटलं, दोघांनी. म्हणाले, मग झालं तर." आई थोडं हसली. तिचं हसू मला दिसलं नाही, आवाजात आलं. "डॉक्टरही पुढे बदलून गेले. नवीन आला तो नुसता विचारायचा, नियमित बांधता ना? हे म्हणायचे, हो."

"आणि तू एकदा सांगून गप्प बसलीस."

"गप्प कुठे. हे कामाला गेले की पट्टी बदलायचे, उजव्यावर."

आणि तिने हे म्हटल्याबरोबर ते आलं. आठवण म्हणून नाही, आधी पोटात आलं. पत्र्याचा डबा उपडा झाल्याचा खळखळाट. चादरीवर पसरलेली बटणं, आणि त्यांचं एकत्र उकळणं. "निळं शोध." मी बोट घालायचे तिथे निळं नसायचं, निळ्यात काळं शिरलेलं असायचं, काळ्याला चार भोकं की दोन ते ठरेपर्यंत ते हललेलं असायचं. माझ्या स्वप्नांत वर्षानुवर्षं एक जमीन येते, जिवंत, वळवळणारी, जिच्यावर पाय ठेवायचा असतो आणि ठेवता येत नाही. ती जमीन कुठून आली हे मला कधी कळलं नव्हतं. ती आमच्या घरातली पलंगाची चादर होती.

"किती दिवस केलंस?"

"हिवाळाभर. तू रडायचीस. एकदा उलटी केलीस. खालच्या काकू वर आल्या, मुलीला मारतेस का म्हणून. मग मलाच वाटायला लागलं, खरंच मी उलटं ऐकलं असेन. हे दुपारी जेवायला येण्याआधी पट्टी पुन्हा डाव्याला लावायची, तीही धड चिकटायची नाही. मग सोडलं."

"बाबांना कधीच सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? दोन वर्षं तो माणूस रोज सकाळी तुझ्यापुढे गुडघे टेकून बसायचा. कामाला निघायची घाई, बूट घातलेले, तरी पट्टी हातात घोळवून गरम करायचा, तुला गार लागू नये म्हणून." आईने पायाने मशीनचं पायडल चाचपलं. "तूही आता काही बोलू नकोस. डॉक्टरांनी डोक्याला ताण नको म्हणून सांगितलंय."

मशीन सुरू झालं. मी छताकडे बघितलं, कारण छतावर काही नव्हतं. रडायला मला परवानगी नव्हती. चिडायलाही नव्हती, चिडलं की मानेतल्या शिरा फुगतात हे मला जाणवत होतं, आणि तळाशी रक्त वाट बघत बसलेलं. म्हणून मी दहा वेळा सावकाश श्वास घेतला आणि शास्त्रीय विचार केला. पुसट चित्र पाठवणाऱ्या डोळ्याला त्यांनी रोज चार तास झाकलं. म्हणजे पिल्लाच्या पापण्या शिवल्या, फक्त हलक्या टाक्याने, प्रेमाने, कामाला जाण्यापूर्वी. उरलेलं जे काही थोडं आहे, एकटं अक्षर वाचता येणं, आईची पाठ दिसणं, ते कदाचित त्या एका हिवाळ्यातलं आहे, कदाचित नाही. असं मोजून सांगता येत नाही. आणखी एक होतं. डावा डोळा आंधळा नव्हता. त्याने एवढी वर्षं रोज, क्षणाक्षणाला आपलं चित्र मागे पाठवलं होतं आणि तिथे ते कुणी वापरलं नव्हतं, कारण आधीच एक चित्र होतं, ठाम, स्पष्ट, बिनचूक वाटणारं. मी मशीनवर वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले.

बाबा वर आले, हात धुऊन औषधाची बाटली घेऊन बसले. त्यांचा चेहरा माझ्यावर ओणवा झाला. डाव्या डोळ्यात तो एक मोठा उबदार डाग होता, त्यात चष्मा, मिशी आणि काळजी यांची सरमिसळ. "दुखतंय का?" "नाही." "आज चेहरा उतरलाय तुझा." "पडून पडून." "अजून दोनच दिवस. मग धोका टळला." त्यांचा अंगठा माझ्या पापणीवर स्थिर होता. इतक्या जवळून ओरडता येत नाही. त्या रात्री, आणि पुढच्या दिवशी, मी वाक्यं तयार केली आणि मोडली. प्रत्येक वाक्यात शेवटी एक माणूस बूट घालून गुडघ्यांवर बसलेला असायचा.

पाच दिवस सरले. रक्त सुटलं नाही. आणखी काही दिवसांनी बाईंनी यंत्रातून बघून "छान" म्हटलं आणि वाटी कायमची काढली. उजवा डोळा उघडला. औषधाने बाहुली ताणलेली असल्यामुळे उजेड टोचत होता, पण खोली आली, कडांसकट, तक्त्याच्या सगळ्या ओळी जागच्या जागी शिस्तीत उभ्या. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी मी डाव्या डोळ्याला शोधायला गेले. तो नव्हता. बंद नव्हता, अंधार नव्हता, चष्म्यामागे टक्क उघडा होता. पण आपल्या पाठीमागे जसं काळं नसतं, काहीच नसतं, तसं तिथे काहीच नव्हतं. इतके दिवस ज्याच्या आत मी कोंडले गेले होते ती जागाच गेली. म्हणजे सुटले असं म्हणायला हरकत नव्हती. मला मात्र वाटलं की आता मी दुसऱ्या, मोठ्या, चांगल्या उजेडाच्या खोलीत आहे आणि तिचं दार याच बाजूने बंद होतं.

बाबा औषधं आणायला बाहेर गेले होते. बाई म्हणाल्या, "एका डोळ्यावर जगणाऱ्याने दुसरा थोडा तरी तयार ठेवावा. या वयात फार अपेक्षा धरू नकोस. पण मेंदू अगदीच हटवादी नसतो, थोडं कधीकधी मिळतं. महिनाभर जाऊ दे, मग रोज दोन तास पट्टी. चांगल्या डोळ्यावर." बाबा पिशवी घेऊन आत आल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं की महिन्याने पट्टी बांधायची आहे. कुठल्या डोळ्यावर ते सांगितलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. प्रयोगात एखादी गोष्ट मुद्दाम मोकळी सोडतात, तसं काहीसं. किंवा मला भीती वाटली.

मी कामावर परतले. पंडितने टेबलावर एक चिमुकला आरसा ठेवून म्हटलं, "मागून येणाऱ्यांसाठी." पेशी आपापल्या जागी होत्या. महिना सरला. एका रविवारी सकाळी बाबांनी पट्ट्यांचं पाकीट आणलं, खिडकीशी खुर्ची ठेवली आणि मला बसवलं. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, तरी ते खाली बसले. उजवा गुडघा कट् असा वाजला. पट्टीचा कागद सोलून त्यांनी ती तळव्यांमध्ये घोळवली. "गार लागू नये," ते म्हणाले. आई मशीनवर होती, तोंडात दोरा. तिने चाक हाताने धरलेलं मला दिसलं. बाबांचे हात वर आले, आणि जराही न घुटमळता डावीकडे गेले. कडा अंगठ्याने दाबल्या, भुवईवरून, गालावरून. तोच वास. डावीकडे काही बदललं नाही, कारण तिथे काही नव्हतंच. समोर बाबा लख्ख दिसत होते. पिकलेली मिशी, चष्म्याच्या काचेवरचा बोटाचा ठसा, ओठ किंचित उघडे, उत्तराची वाट बघत.

"दिसतंय का?"

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"दिसतंय," मी म्हटलं.

"शाब्बास." खुर्चीच्या हाताला धरून ते उठले. "दोन तासांनी येतो. तोपर्यंत काढायची नाही. पहिल्यासारखी." दार लागलं, जिन्यात पावलं गेली.

आईने दोरा तोडला. उठली. कपाटाच्या खालच्या खणातून तिने पत्र्याचा डबा काढला; तोच, झाकणावरचं चित्र आता खरवडून गेलेलं. पलंगावर चादर सारखी केली. मग माझ्यापुढे येऊन नखाने पट्टीची कड उचलली, ओढून काढली, आणि थुंकीने बोट ओलं करून चिकटपणा पुसला, मी सात वर्षांची असल्यासारखा. पट्टी उजवीकडे लावली. लावताना तिच्या श्वासाला दोऱ्याचा वास होता. खोली गेली. ती वळवळणारी दुसरी खोली आली, आणि मला समजलं की मी तिला ओळखते.

डबा उपडा झाला. "निळं शोध," आई म्हणाली.

मी शोधलं. बोट घातलं तिथे पांढरं निघालं. "घाई नको. एकेक बाजूला काढ, मग दिसेल." मी एकेक बाजूला काढलं. मोकळ्या चादरीवर एकटं पडलेलं बटण खरोखर बटण व्हायचं, त्याला कड यायची, भोकं मोजता यायची. ढिगाकडे वळलं की पुन्हा दलदल. किती वेळ गेला ते घड्याळावर वाचता येत नव्हतं. आई मशीनवर परत गेली नव्हती, माझ्या खांद्याशी उभी होती. एक निळं मिळालं होतं, मी ते डाव्या मुठीत धरलं होतं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. लवकर. बाबांना कुणी बोलायला भेटलं नसावं.

आईचा हात सवयीने वर आला. तिचं नख माझ्या उजव्या गालावर, पट्टीच्या कडेखाली शिरलं. इतक्या वर्षांनी तिची चपळाई तेवढीच होती. कुलपात किल्ली फिरली. मी तिचं मनगट धरलं. पहिल्या प्रयत्नात हात हवेतच बंद झाला, अंतर चुकलं. दुसऱ्या वेळी सापडलं.

"राहू दे," मी म्हटलं.

दार उघडलं. बाबा उंबऱ्यावर थांबले. दारापाशी एक उभा डाग होता, वर काचांची चमक. त्यांनी पट्टी बघितली की बटणं बघितली की आईचं धरलेलं मनगट, मला कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते वाचायचं तर मला पट्टी काढावी लागली असती. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी दोनदा खाकरून सुरू झाली.

"दिसतंय का?" बाबांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता, फक्त शेवट वर गेला नाही.

"नाही," मी म्हटलं. "या डोळ्याला नाही दिसत, बाबा. कधीच नव्हतं दिसत."

आईचं मनगट माझ्या हातात होतं, तिने ते सोडवून घेतलं नाही. डाग पुढे आला, मोठा झाला, पलंगाच्या कडेशी थांबला. मग गुडघा वाजल्याचा आवाज आला, माझ्या अगदी समोर, खाली. मुठीतलं निळं बटण घामाने गरम होत होतं.